पहिल्या खड्ड्याची माती

माझे गाव लोहारा तालुक्यातले. आमच्या पायाखाली काय आहे, हे आम्हाला फार मोठी किंमत मोजून कळले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. हजारो माणसे जाड दगडी भिंतींखाली गेली. पुढे भूकंपाचे मूळ शोधायला शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली सात-आठ मीटरांचा गाळाचा पातळ पापुद्रा, आणि त्याखाली थेट अतिप्राचीन कठीण खडक. दगडी कोळसा ज्या वालुकाश्मांच्या सोबतीने सापडतो, ते गोंडवन थर मधे कुठेच नव्हते.

हाच काळा पाषाण पूर्वेकडे पातळ होत जातो आणि वणी, वरोरा, चंद्रपूरच्या पट्ट्यात त्याची किनार संपते. तिथे कुठे त्याचा उरलासुरला थर, कुठे नुसती कपाशीची काळी माती, तिच्याखाली कामठीचे वालुकाश्म आणि त्यांच्याखाली पंचवीस कोटी वर्षांहून जुना कोळसा. वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी या थराची जाडी पंधरा मीटरांच्या वर जाते. नोकरीची बहुतेक वर्षे मी त्या पट्ट्यात उघड्या खाणींचे आराखडे करण्यात घालवली. ज्या जिल्ह्यात कोळशाचा खडा नाही, तिथल्या माणसाने या पुस्तकाला प्रस्तावना लिहावी, याचे नवल वाटू नये. आमच्याकडचा विजेचा दिवा कोळशावरच जळतो. परळीच्या औष्णिक केंद्रात आणि अलीकडे सोलापूरच्या एनटीपीसी केंद्रात कोळशाच्या मालगाड्या येतात. त्या वाघिणी भरण्यासाठी कुणाचे तरी शेत उलटे करावे लागते, आणि ते शेत पुन्हा सुलटे करायचे कसे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय समजायला खाण पाहिलेली असायला हवी असे नाही. विहीर पाहिलेली असली तरी पुरे. आमच्याकडे यारी लावून विहीर खोदतात, तेव्हा निघालेला मुरूम आणि दगड काठावर पडत जातो. खड्डा जेवढा, त्यापेक्षा ढीग मोठा दिसतो, आणि तो खरोखरच मोठा असतो. फुटलेल्या दगडात पोकळी राहते, त्यामुळे तो मूळच्यापेक्षा पाव पट तरी जास्त जागा घेतो. जाणता शेतकरी काम सुरू होण्याआधीच ठरवतो, की मलबा उताराच्या कोणत्या अंगाला टाकायचा. वरच्या अंगाला टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात निम्मा विहिरीत परत येतो. बांधाजवळ टाकला तर शेजाऱ्याशी भांडण. चांगल्या रानात टाकला तर तेवढे रान कायमचे गेले, कारण एकदा टाकलेला मलबा कुणी उचलत नाही. खाणीच्या नियोजनाचे सगळे दुखणे या एका वाक्यात आहे. फरक इतकाच, की तिथे ढीग ब्रासमध्ये मोजत नाहीत, कोटी घनमीटरांत मोजतात.

थोडा हिशेब मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. वर्धा खोऱ्यातल्या उघड्या खाणीत एक टन कोळसा काढायला पाच घनमीटरांच्या आसपास माती-दगड हलवावा लागणे अगदी नेहमीचे. खाणीवरचे लोक त्याला ‘ओबी’ म्हणतात. पाच घनमीटर अखंड खडक फुटल्यावर सव्वासहा घनमीटर होतो. वर्षानुवर्षे दबून बसला तरी साडेपाचाच्या खाली सहसा येत नाही. एक टन कोळशाने सोडलेली जागा पाऊण घनमीटराहूनही कमी. म्हणजे एकूण खड्डा पावणेसहा घनमीटरांच्या आतबाहेर आणि तो भरायला हाताशी असलेला मालही जवळजवळ तेवढाच. कोळसा काढून नेला तरी जमीन पुन्हा बरीचशी मूळच्या पातळीला आणण्याइतका मलबा शिल्लक असतो.

मग चंद्रपूर-वणीच्या वाटेवर एका बाजूला डोंगराएवढे ढीग आणि दुसऱ्या बाजूला अथांग खड्डे का दिसतात? उत्तर पहिल्या खड्ड्यात आहे. खाण सुरू करायची म्हणजे आधी कोळशापर्यंत पोचणारा एक मोठा खड्डा घ्यायचा. त्याला बॉक्स कट म्हणतात. त्या वेळी खाणीच्या आत माती टाकायला जागाच नसते, म्हणून ती बाहेर पडते. पुढे खाण सरकते, मागे जागा मोकळी होते आणि नवी माती मागच्या पोकळीत टाकता येते. असे करत करत खाण शेवटच्या सीमेला पोचते. तिथे शेवटचा खड्डा उघडा राहतो, कारण त्याच्यापुढे खणायचे काही नाही आणि भरायला नवी माती नाही. त्याच्या हक्काची माती पहिल्या खड्ड्याशेजारी, दोन-तीन किलोमीटर लांब, डोंगर होऊन पडलेली असते. ती उचलून आणायची तर प्रत्येक घनमीटराला डिझेल, डंपर आणि चालक यांचा खर्च दुसऱ्यांदा येतो, आणि त्या दिवशी खाणीत कमाईचा एक टनही उरलेला नसतो. टेकडी आणि तळे ही एकाच खाणीची दोन टोके आहेत. त्यांची जागा पहिल्याच नकाशावर ठरते. तीस वर्षांनी खाण बंद करायला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती फार थोडे उरते. या पुस्तकाने खाणकाम आणि भूमी-पुनर्स्थापना यांची वेगवेगळी प्रकरणे केली नाहीत, दोन्ही एकाच नकाशावर मांडली, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आता दिशेचा प्रश्न. कोळशाचा थर सपाट नसतो, तिरक्या ठेवलेल्या पाटीसारखा एका बाजूला उतरत जातो. खाण उताराच्या दिशेने खोल खोल नेली, तर कोळसा लवकर मिळतो, सुरुवातीचा खर्च कमी दिसतो आणि वरचे लोक खूश होतात. पण मागची पोकळी भरायला गेले की टाकलेला माल त्या तिरक्या तळावर बसतो आणि खाली काम करणाऱ्या माणसांच्या दिशेने सरकू पाहतो. म्हणून तो बाहेरच टाकत राहावा लागतो. याउलट, एका टोकाला थेट पूर्ण खोलीपर्यंत उतरून मग थराच्या आडव्या रेषेने पुढे सरकले, तर पहिली काही वर्षे जड जातात, पण त्यानंतर मागची जागा भरत नेता येते आणि बाहेरचा ढीग वाढायचा थांबतो. कोणता पर्याय घ्यायचा हे थराचा उतार, भेगा, गावे, नाले आणि जमिनीचा ताबा कधी मिळतो यावर ठरते. ताबा हा शब्द मी मुद्दाम घालतो. कागदावर सुंदर आखलेली दिशा एखाद्या वस्तीच्या पुनर्वसनात अडकते, मग खाण वाट वाकडी करते आणि आत पडायची माती बाहेर पडते. पुनर्वसनाला झालेल्या उशिराचे मोजमाप असे ढिगाऱ्याच्या उंचीतही होत असते.

भिंतीचा कोन हीसुद्धा वरवर पाहता फक्त इंजिनिअरची बाब. पण शंभर मीटर खोल खाणीची भिंत ४५ अंशांऐवजी ४० अंशांवर ठेवली, तर भिंतीच्या दर किलोमीटरमागे साडेनऊ लाख घनमीटर जादा खणावे लागते. कोन चढा ठेवण्याचा मोह किती मोठा, हे या आकड्यावरून कळावे. रस्त्याचेही तसेच. डंपरच्या रस्त्याचा चढ साधारण १६ मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे शंभर मीटर खोलीतून वर यायला सोळाशे मीटरांचा रस्ता खाणीच्या अंगावर कोरावा लागतो, आणि त्याला जागा द्यायची तर भिंत आणखी मागे घ्यावी लागते.

ढिगाऱ्यांबाबत कायदा स्पष्ट आहे. उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको, उंची ३० मीटरांपलीकडे जाणार असेल तर पायऱ्या पाडायच्या. हे आकडे सुरक्षिततेचे. झाडे तगायची असतील तर एकूण उतार २८ अंशांच्या आसपास आणावा लागतो, आणि उतार कमी केला की ढीग पसरतो, जास्त जमीन खातो. २९ डिसेंबर २०१६ला झारखंडमध्ये राजमहलच्या लालमाटिया खाणीत ढिगारा आणि भिंत एकदम घसरली आणि २३ कामगार गेले. त्यानंतर देशभर ढिगाऱ्यांच्या स्थिरतेचा अभ्यास जास्त काटेकोरपणे मागितला जाऊ लागला. आपल्या विदर्भात यात आणखी एक भर आहे, काळ्या मातीची. घर बांधताना काळीत पाया घालायचा नाही, खाली मुरूम लागेपर्यंत जायचे, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गवंड्याला कळते. भिजली की ती फुगते, साबणासारखी होते. तरीही शेतात जशीच्या तशी काळी ठेवून तिच्यावर साठ-नव्वद मीटरांचा ढीग रचला जातो, आणि मग एखाद्या ऑगस्टमध्ये ढिगाऱ्याचा पाय पुढे सरकतो. काळी आधी काढून घेतली तर दोन कामे होतात, ढिगाऱ्याला पक्का पाया मिळतो आणि उद्या वर पसरायला माती हाती राहते.

मातीबद्दल मला जरा जास्त बोलू द्या. वरची सुपीक माती वेगळी काढून वेगळी ठेवावी असा नियम आहे आणि बहुतेक ठिकाणी ती काढलीही जाते. पण ती जिवंत वस्तू आहे. उंच ढीग करून वर्षानुवर्षे ठेवली की आतल्या भागाला हवा मिळत नाही, गांडुळे, बुरश्या, जिवाणू मरतात, बी कुजते. पाच-दहा वर्षांनी तो ढीग उघडावा तर आत नुसता रंग उरलेला असतो. म्हणून खरा मार्ग एकच, आज इकडची काढायची आणि आजच तिकडच्या तयार झालेल्या ढिगाऱ्यावर पसरायची. त्यासाठी दोन्ही कामांची वेळ जुळायला हवी, म्हणजे पुन्हा पहिल्याच नकाशावर यावे लागते. मी स्वतः ज्या आराखड्यावर काम केले, त्यातल्या एका खाणीत मातीचा साठा आम्ही सोयीची मोकळी जागा पाहून लावला. चार वर्षांनी बाहेरचा ढीग वाढत वाढत त्याच जागेवर आला आणि ती सगळी माती दगडाखाली गाडली गेली. एकशे वीस एकरांवरची काळी. नकाशावर सही माझी होती. ते मी विसरलेलो नाही.

माती गेली म्हणजे सगळे संपले असेही नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातली प्रेसमड आणि मुळांशी राहणारे जिवाणू व बुरश्या घालून झाडे उभी केली. हा प्रयोग वाचला तेव्हा मला आमच्या तेरणा काठच्या कारखान्यांच्या आवारातले प्रेसमडचे काळे ढीग आठवले. लहानपणी त्या वासाने नाक दाबून पळायचो. दगडाला माती करायची ताकद त्यात आहे हे कुणी सांगितले नव्हते. मात्र झाडे लावणे आणि रान परत येणे यांत अंतर आहे. सुबाभूळ लवकर हिरवी होते, फोटो चांगला येतो. वेडी बाभूळ तर न लावताच माजते. चंद्रपूरजवळच्या जुन्या ढिगाऱ्यांवर तिचे असे दाट रान झाले, की वाघ आणि बिबटे तिथे राहायला आले आणि खाली वस्ती. कडुलिंब, बांबू, आवळा, खैर, आपटा, खाली गवत, हे मिश्रण सावकाश वाढते. उपग्रहाच्या चित्रात मात्र दोन्ही हिरवेच दिसते. २००८पासून मोठ्या खाणींची जमीन उपग्रहाद्वारे नियमित तपासली जाते, हे चांगलेच आहे, पण कुणीतरी पायी चढून जाऊन खाली वाकून पाहिलेच पाहिजे.

आणि पाणी. पहिल्यांदा मी बंद पडलेल्या खाणीचे तळे पाहिले तेव्हा काठावर कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो. मे महिना होता. आमच्या गावात त्या दिवसांत टँकरमागे घागरी घेऊन माणसे धावत होती. २०१५च्या उन्हाळ्यानंतर पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले होते. आणि इथे हिरव्या-निळ्या पाण्याचा एवढा साठा, वाऱ्याने हलणारा, कुणाच्याही कामी न येणारा. काठ उभे होते. जनावर उतरू शकत नव्हते, बाई घागर भरू शकत नव्हती, आणि पोरगा पोहायला उतरला तर वर येण्याची वाट नव्हती. एका बाजूचा उतार सौम्य ठेवला असता, डंपरचाच जुना रस्ता पाण्यापर्यंत सोडला असता, तर ते गावाचे तळे झाले असते. खाण चालू असताना यंत्रे तिथेच असतात. दोन महिन्यांचे काम. खाण बंद झाल्यावर तेच काम कुणाच्याही अंदाजपत्रकात बसत नाही. नागपूरजवळच्या भानेगावसारख्या खाणींचे उपसलेले पाणी वीज केंद्राला दिले जाते, तिथेच ओबीतली वाळू वेगळी काढून घरबांधणीसाठी वापरली गेली. म्हणजे काही सुचत नाही असे नाही, सुचलेले वेळेत आराखड्यात यायला हवे. अनेक पर्यावरण मंजुऱ्यांत शेवटचा खड्डा ४० मीटरांपेक्षा खोल नको अशी अट असते. ती वाचताना लक्षात ठेवावे, की खोली भरली तरी काठांचे काय, हा प्रश्न उरतोच. जर्मनीत नाख्टरश्टेट गावी जुन्या कोळसा खाणीचे तळे भरत असताना १८ जुलै २००९ला काठ घसरला, घरे पाण्यात गेली आणि तीन माणसे मेली. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशात, खाण बंद होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर.

इतिहासाचे थोडक्यात सांगतो, पुस्तकात तो सविस्तर आहे. वरोऱ्याला कोळसा निघू लागला १८७०च्या दशकात. ती खाण १९०६ला बंद पडली. उमरेडची उघडी खाण १९६०च्या दशकातली. १९७३ला राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ला वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, नागपुरात उभी राहिली. खाण कशी बंद करायची याचे देशव्यापी मार्गदर्शन मात्र कोळसा मंत्रालयाने २००९ला दिले. उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भुयारी खाणीला १ लाख, अशा हिशेबाने खाण चालू असतानाच पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे, काम झाल्याचे तपासून मगच ते सोडायचे. दर पुढे वाढवले गेले. अमेरिकेने हा विचार १९७७च्या कायद्यात आणला होता. तिथे जमीन जवळजवळ मूळच्या आकाराला आणणे बंधनकारक झाले. आपल्याकडे १९७३ ते २००९ या छत्तीस वर्षांत जे ढीग आणि खड्डे झाले, त्यांच्यासाठी असे खाते कुणी उघडलेले नव्हते.

ज्याच्या सातबाऱ्यावरून हे सगळे होते, त्याला आराखडा वाचता यावा, यासाठी हे पुस्तक मराठीत असणे गरजेचे होते. जनसुनावणीच्या आधी प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, पण नकाशे, आडवे छेद, वर्षनिहाय तक्ते मूळ इंग्रजी अहवालातच राहतात. मी अशा सुनावण्यांना बसलो आहे. मंडपात बोलणे होते ते नोकरी आणि मोबदल्याचे. ते रास्तच आहे. पण बॉक्स कट कोणत्या शिवारात पडणार, बाहेरचा ढीग किती उंच आणि नाल्यापासून किती लांब, आत माती टाकणे कोणत्या वर्षी सुरू होणार, तळ्याचा सौम्य काठ कोणत्या गावाकडे, हे विचारलेले मी क्वचितच ऐकले. १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली जमीन एकदा गेली की ती शेतकऱ्याला परत देण्याची वाट त्या कायद्यात नाही. म्हणून तर ती कोणत्या अवस्थेत आणि कुणाच्या वापरासाठी राहणार, हे आधी विचारायला हवे.

पुस्तकातल्या शब्दांविषयी. बेंच, डंपर, शॉवेल, ब्लास्टिंग, हॉल रोड, ओबी हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण घुग्घुस-माजरीच्या खाणीतला माणूस तेच बोलतो. अभ्यासक्रमातले संस्कृतप्रचुर पर्याय मीही वापरून पाहिले. शिफ्टमध्ये कुणाला कळले नाहीत.

आभार मानायचे तर मी एका डोझर चालकाचे मानीन. वणी तालुक्यातला, जमीन गेल्यावर नोकरीला लागलेला. त्याची शिफ्ट नेमकी त्याच्याच जुन्या शेतावर आली होती. मातीच्या साठ्याची जागा दाखवायला मी नकाशा घेऊन गेलो, तर त्याने नकाशाकडे पाहिले नाही. म्हणाला, “साहेब, इथे नका टाकू, इथून नाल्याचे पाणी फिरते. तिकडे त्या आंब्यामागे टाका, तिथे कधीच साचत नाही.” आम्ही आंब्यामागे टाकली. दुसऱ्या पावसाळ्यात त्या ढिगावर तुरीची रोपे उगवून आली, त्याच्याच शेवटच्या पिकाच्या सांडलेल्या दाण्यांची.